साडेबारा टक्के

महापेच्या या इमारतीत खिडक्या नाहीत.
गारवा आहे, बारमाही,
आणि एक घरघर, जी मला आता
फक्त थांबली तरच ऐकू येईल.

आमच्या मशीनांना माशांची नावं.
कुणी ठेवली, ते माहीत असणारे नोकरी सोडून गेले.
सुरमई, हलवा, रावस, हे जुने.
तिघेही पंच्याण्णव टक्क्यांच्या वर भरलेले,
म्हणून सोमवारी दोन नवे नोड जोडले,
जिताडा आणि मांदेली.

दोन रात्री डेटा त्यांच्यात वाहत होता,
पाइपगॅसची बिलं, मीटरचे आकडे, पत्ते.
भरतीसारखा, असं म्हणणार होते,
पण भरतीचं पाणी कुठून तरी कमी होऊन येतं.
हे कुठूनच कमी झालं नाही.

जिताडा एकसष्ट. मांदेली अठ्ठावन्न.
सुरमई शहाण्णव.
परवाही शहाण्णवच होती.

नंबियार सर नेरुळहून, फोनवर, अर्धे झोपेत,
"लॉग बघ."
बघितले. किरकोळ.
"टेम्प?"
रिकामं.
"मग जरा थांब."
थांबले.
सत्त्याण्णव.

दर्याकांत भोईर दर दोन तासांनी
जनरेटरची वही घेऊन येतात.
ही इमारत त्यांच्या काकाच्या भातशेतीवर आहे,
किंवा त्यांच्या स्वतःच्या; रात्रीप्रमाणे बदलतं.
"नोड? आमाला नोड सांगतेस?
वाशी नोड, नेरुल नोड, ऐरोली नोड,
ह्ये सगलं मुंबई खाली करायला बांदलं ना?
झाली खाली?
माजा भाऊस घनसोलीला फ्लॅटात गेला.
त्याची खाट अजून माज्या पडवीत.
कोनी जाऊन काडल्याबिगर
काय निगतं गो?"

हे मला पाठ होतं, हीच लाज.
नवा आला की वाटणी बदलते,
पण जुना, आता परक्याचं झालेलंही
तसंच कवटाळून बसतो,
सफाईचा हुकूम मिळेपर्यंत.

हुकूम लिहिला. बोट एंटरवर.
उचललं.
सफाई आधी आपल्या वाट्याचं नव्याने लिहून काढते,
मगच जुनी फाइल टाकते.
सुरमईकडे उरलेत तीन टक्के.
जागा करायला जागा नाही.

मग फोल्डरमागून फोल्डर मोजत गेले,
डब्यांची झाकणं उघडावीत तसे,
आणि अगदी तळाशी एक स्नॅपशॉट.
नाव, जपून_ठेव.
दोन वर्षांपूर्वीचा, पहाटे चार दहाचा.
घेणारी, मी.
एका अपग्रेडच्या आदल्या रात्री,
काही बिघडलं तर, म्हणून.
काही बिघडलं नाही.
ते त्याला कुणी कळवलं नाही.
ज्यांनी जोडणी तोडली, घर सोडलं, जे गेले,
त्यांना आम्ही रीतसर पुसलं,
आणि ते सगळे याच्या मुठीत राहिले.

"नक्की उडवायचा?" सर आता पूर्ण जागे.
"सर, मीच घेतला होता."
"म्हणूनच विचारतोय."

उडवला.
शिल्लक जागा, साडेबारा टक्के.

भोईर इतके हसले की वहीतलं पेन
रॅकखाली गेलं.
"आमाला साडेबारा टक्के मिलायला
पंचवीस वर्सं लागली.
तुला एका बटनात?"
मीही हसले. मग पेन शोधायला वाकले,
तेवढं बरं पडलं.

सफाई लावली, एकट्या सुरमईवर.
सगळ्यांवर एकदम लावायची नसते.
पंच्याऐंशी. ब्याऐंशी. बराच वेळ ब्याऐंशीच.
फोन चालूच राहिलाय,
त्यात नेरुळचा एक पंखा फिरतोय.

भोईर दारात थांबले.
"त्ये पुसलंस, त्यात आमचं काय होतं का?"
मी उघडून पाहिलं नव्हतं.
त्यांनी वहीत डिझेल लिहिलं, वेळ लिहिली,
सही केली.

एकोणऐंशी.
रावस अजून सत्त्याण्णववर.
आधी त्याच्या तळाशी बघायला हवं.